हिंजवडीत नोकरी, मग घर कुठे? किलोमीटर नाही, चौक मोजा

हिंजवडीची ऑफर हातात पडली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "वाकडला बघ, जवळ पडतं." सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. वाकड म्हणून एकच भाग नाही आणि हिंजवडी म्हणून एकच ऑफिस नाही. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तोंडाशी असलेला शिवाजी चौक आणि पार्कच्या तिसऱ्या टप्प्यातलं, म्हणजे फेज ३ मधलं मेगापोलिस सर्कल यांच्यात पाच-सहा किलोमीटर आहेत, आणि सकाळी साडेनऊला खरा जीव खातात ते हेच. त्यामुळे घर शोधायला लागण्याआधी एचआरला विचारा: कुठला फेज, कुठली इमारत, कुठलं गेट. ऑफर लेटरवर नुसतं 'हिंजवडी, पुणे' असतं. इन्फोसिससारख्या कंपनीचं ऑफिस फेज १ मध्येही आहे आणि फेज २ मध्येही.

हा आढावा भाड्याने राहणाऱ्यांसाठी आहे, विकत घेणाऱ्यांसाठी नाही. निकष तीनच लावले आहेत: घर ते गेट या वाटेत तुंबणारे चौक किती, नळाला पाणी कुणाचं, आणि जोराच्या पावसात रस्ता चालू राहतो का. क्लबहाउस, गझिबो आणि जकूझीला गुण नाहीत.

आधी नकाशा डोक्यात बसवू. मुंबई–बंगळुरू बायपास साधारण उत्तर-दक्षिण जातो. त्याच्या पश्चिमेला हिंजवडी, मारुंजी, माण. पूर्वेला वाकडचा मोठा भाग, त्यामागे कस्पटे वस्ती, पिंपळे निलख, पिंपळे सौदागर. उत्तरेला ताथवडे, पुनावळे, रावेत. दक्षिणेला मुळा नदी आणि नदीपलीकडे बालेवाडी, बाणेर, म्हाळुंगे, सूस. म्हणजे पश्चिमेला राहिलात तर ठीक, नाहीतर रोज एकतर हायवे ओलांडायचा किंवा नदी. हायवे ओलांडायच्या जागा मोजक्याच आहेत: वाकड चौक, भूमकर चौक, आणि वरती ताथवडे-पुनावळ्याचे भुयारी मार्ग. सगळी गर्दी याच भोकांतून आत जाते आणि संध्याकाळी याच भोकांतून बाहेर येते. घर तीन किलोमीटरवर आहे की सात, याने फारसं बिघडत नाही. मध्ये यातलं काय येतं, याने बिघडतं.

वाकडपासून सुरुवात करू. जाहिरातीत सगळंच 'वाकड, हिंजवडीपासून दहा मिनिटं' असतं. हायवेच्या पूर्वेच्या वाकडमध्ये दुकानं, दवाखाने, शाळा, रात्री अकराला मिळणारं जेवण, सगळं हाताशी आहे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेचं नळाचं पाणी आहे. पण वाकड चौक किंवा भूमकर चौक चुकत नाही. संध्याकाळी सहा-सात वाजता भूमकर चौकाखाली पाच मिनिटं उभे राहून पाहा: मारुंजीकडून येणारी रांग, सर्व्हिस रोडने उलट्या दिशेने घुसणारे दुचाकीवाले, मधोमध वळायला बघणारी कंपनीची बस, आणि या सगळ्यातून रस्ता ओलांडणारी माणसं. तिथे अंतराला काही अर्थ उरत नाही. दुचाकी असेल तर ही बाजू घ्यायला हरकत नाही, चारचाकीनेच जाणार असाल तर दोनदा विचार करा.

हायवेच्या पश्चिमेचं वाकड म्हणजे विनोदे वस्तीचा पट्टा. आमच्या मते फेज १ आणि फेज २ साठी सगळ्यात समतोल जागा हीच. हायवे ओलांडायचा नाही, विनोदे वस्तीतून लक्ष्मी चौकाकडे निघता येतं, आणि तरीही हद्द महापालिकेची. उणं काय? रस्ते अरुंद, बांधकामं अजून चालूच, आणि लक्ष्मी चौक स्वतःच तुंबतो. शिवाय पूर्वेच्या बाजूला डॉक्टर, बाजार किंवा मुलांची शाळा असेल तर उलटा हायवे ओलांडावा लागतो. पण रोज दोनदा ओलांडण्यापेक्षा अधूनमधून ओलांडणं परवडतं.

हिंजवडी गाव आणि फेज १ च्या आसपास राहणं हे ऑफिस त्याच फेजमध्ये असेल तरच खरं सोयीचं. चालत जाता आलं तर बाकी सगळे दोष माफ. पीजी इथे गल्लीगल्लीत आहेत. दोष मात्र नीट समजून घ्या. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहेत. महापालिकेत घेण्याची चर्चा किती वर्षं चालू आहे ते गावकरीच सांगतील. पार्क एमआयडीसीचा, भोवतालच्या इमारतींची परवानगी पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची), कचरा ग्रामपंचायतीचा. तक्रार कुठे करायची हे शोधण्यातच आठवडा जातो. जून २०२५ च्या पावसात पार्कमधल्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचलं, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. बुजवलेले आणि वळवलेले ओढे-नाले हे त्यामागचं मोठं कारण, आणि ते एका उन्हाळ्यात दुरुस्त होणारं नव्हे.

फेज ३ आणि माणची बाजू फेज ३ च्या लोकांनीच घ्यावी. मोठ्या टाउनशिपमध्ये किराणा, केमिस्ट, पाळणाघर आतच असतं, त्यामुळे रोजचं अडत नाही. पण रात्री तापाने फणफणलेलं पोर घेऊन मोठ्या हॉस्पिटलला जायचं म्हटलं की वाकडच गाठावं लागतं. रस्त्यावर डंपर आणि सिमेंट मिक्सर भरपूर. गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते, ती पाळली जाते असं समजून दुचाकी चालवू नका. शनिवार-रविवारी हा भाग सुनासुना होतो. एकट्याने राहणाऱ्याला ते जड जातं, कुटुंबाला कधीकधी तेच आवडतं.

मारुंजी आणि जांबेकडच्या सोसायट्या भाड्याला हलक्या आणि घराच्या आकाराला भारी. फेज २ ला मधल्या रस्त्याने जाता येतं. पाणी मात्र बहुतेक ठिकाणी टँकरचं, आणि आरएमसी (तयार काँक्रीट बनवणाऱ्या) प्लँटची धूळ हा वेगळा विषय. दुपारी जाऊन गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवा. बोटाला राखाडी पिठी लागली तर दम्याच्या माणसाने तो फ्लॅट सोडलेला बरा.

ताथवडे आणि पुनावळे इथे नवे टॉवर इतके उठले आहेत की भाड्यात घासाघीस करायला वाव मिळतो. महापालिकेची हद्द आहे. अडचण भुयारी मार्गांची: अरुंद, आणि मोठा पाऊस झाला की पाण्याखाली. ताथवड्यात कॉलेजं बरीच, म्हणून छोट्या फ्लॅटला विद्यार्थ्यांची मागणी असते आणि जून-जुलैत भाडं चढतं. या दोन भागांत हायवेच्या पश्चिमेचंच घर बघा. पूर्वेचं घ्यायचं तर वाकडला घेतलेलं काय वाईट?

रावेत फक्त एका गणितात बसतं: घरातल्या दुसऱ्या माणसाची नोकरी तळेगाव, चाकण किंवा निगडी-आकुर्डीकडे असेल तर. आकुर्डीचं लोकल स्टेशन जवळ, त्यामुळे लोणावळा–पुणे लोकलही मिळते. नुसत्या हिंजवडीसाठी रावेत लांब पडतं.

पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख हे बसलेले भाग आहेत. झाडं मोठी झालेली, फुटपाथ बऱ्यापैकी, बागा, भाजी, शाळा. हिंजवडीला जायचं तर जगताप डेअरी, कस्पटे वस्ती करत वाकड चौक गाठायचा, म्हणजे आणखी दोन-तीन सिग्नल. घरातला एक जण हिंजवडीला आणि दुसरा औंध, शिवाजीनगर किंवा पिंपरीला जाणार असेल तर आमची पसंती इथे. दोघांचाही त्रास सारखा वाटला जातो.

बाणेर-बालेवाडी सगळ्यात महाग. पैसे घराचे कमी आणि खाण्यापिण्याच्या, भटकण्याच्या जागांचे जास्त. तिशीच्या आतल्या बऱ्याच जणांना तेच हवं असतं, त्यात चूक काही नाही. पण बालेवाडी स्टेडियमपासून मुळेचा पूल ओलांडून वाकड चौकात डावीकडे वळणं हा रोजचा वैताग आहे, आणि पुणे महापालिकेत असूनही कित्येक सोसायट्या टँकर घेतातच. ऑफिस फेज ३ ला असेल तर म्हाळुंगे किंवा सूसवरून नांदे-माणच्या बाजूने मागच्या दाराने शिरता येतं. सकाळी हा रस्ता खरोखर वेळ वाचवतो. रात्री काही टप्प्यांत दिवे नाहीत आणि पावसाळ्यात खड्डे दिसत नाहीत. म्हाळुंगे आणि सूस ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण सोयी अजून मागून चालल्या आहेत. ऑफिस फेज ३ ला आणि जीव बाणेरात अडकलेला, अशांनी म्हाळुंगे बघावं.

मेट्रोबद्दल दोन शब्द, कारण प्रत्येक ब्रोकर त्याच्यावर दोन हजार जास्त मागतो. माण–हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका २३.३ किलोमीटरची, २३ स्थानकांची. मेगापोलिस सर्कल, विप्रो फेज २, शिवाजी चौक, वाकड चौक, बालेवाडी स्टेडियम, बाणेर हे तिच्यावरच येतात, म्हणून बाणेर रोडच्या लोकांना तिचा सर्वाधिक फायदा. ताथवडे, पुनावळे, रावेत, पिंपळे सौदागर तिच्यावर नाहीत. तेव्हा 'मेट्रोजवळ' म्हटलं की स्थानकाचं नाव विचारा, दारापासून तिथपर्यंत चालून बघा, आणि तुमच्या ऑफिसच्या वेळेला गाडी किती मिनिटांनी आहे ते पाहा. पिलरला भाडं देऊ नका, धावणाऱ्या गाडीला द्या. पीएमपीच्या बसचा मासिक पास जून २०२५ च्या दरवाढीनंतर १,५०० रुपये झाला. पण बसही त्याच चौकातून जाते.

पाण्याचा भाग मात्र सविस्तर, कारण फसगत इथेच होते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. तेव्हा ते तात्पुरतं म्हणून सुरू झालं होतं. म्हणजे 'महापालिकेचं पाणी आहे' हे उत्तर खरं असूनही पुरेसं नाही. सोसायटीची जमिनीखालची टाकी दोन दिवसांचं पाणी साठवते का, हा पुढचा प्रश्न. शहरी पाणीपुरवठ्याचं मानक माणशी रोज १३५ लिटरचं. २०० फ्लॅटची सोसायटी, घरटी साडेतीन माणसं धरा, तर दिवसाला साधारण ९५,००० लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ-दहा टँकर. सोसायटीच्या ऑफिसात विचारू नका, ते 'पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही' म्हणतील. गेटवरच्या वॉचमनची नोंदवही बघा, किंवा एप्रिल-मे मध्ये रोज टँकर किती आले ते त्यालाच विचारा. त्याला आकडा पाठ असतो. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला आहे की उन्हाळ्यात वेगळा काढतात, हे भाडं ठरवण्याआधी मालकाकडून लिहून घ्या.

टँकर आणि बोअरचं पाणी जड असतं. बाथरूममध्ये शॉवरची जाळी आणि नळाची चोच बघा. पांढरा खडूसारखा थर असेल तर गिझरची कॉइल आणि वॉशिंग मशीनचा हीटर त्याच थराने मरतो. थर उष्णता अडवतो, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि जळते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या साध्या टीडीएस मीटरने स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आकडा ५०० च्या वर असेल तर आरओ मालकाने बसवून द्यावा ही मागणी रास्त आहे. पाचशेच्या आत असेल तर आरओची गरज नाही, साधा यूव्ही फिल्टर पुरतो. आरओ लावला की तो जेवढं पाणी देतो त्याहून जास्त टाकून देतो, आणि टँकरच्या सोसायटीत ते पाणी विकतचं असतं.

नव्या इमारतीत आणखी एक कागद मागा: भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य पूर्ण झाल्याची परवानगी. काही टॉवरना ते अर्ध्याच मजल्यांचं मिळालेलं असतं. उरलेल्या मजल्यांवर राहायला जाणाऱ्याला बांधकामाचा आवाज, तात्पुरती वीज, एकच चालू लिफ्ट आणि टँकर असा संच मिळतो. डीजी (डिझेल जनरेटर) बॅकअप आहे म्हटलं तर नेमका कशाला, हे विचारा. बहुतेक ठिकाणी लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे एवढंच. घरून काम करणाऱ्याने फ्लॅटच्या आत राउटरपुरता तरी पॉइंट बॅकअपवर आहे का ते पाहावं, नाहीतर राउटरला छोटा यूपीएस लावावा.

घर ठरवण्याआधी वाट तपासायची पद्धत सोपी आहे, पण लोक ती रविवारी करतात आणि फसतात. हायब्रिडमुळे (काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसातून काम) मंगळवार ते गुरुवार ऑफिसं भरलेली असतात. त्यातल्या एका दिवशी सकाळी नऊ ते साडेदहामध्ये घरापासून गेटपर्यंत आणि संध्याकाळी सहा ते आठमध्ये उलट जाऊन बघा. येताना वेगळा रस्ता लागू शकतो, कारण आतल्या काही रस्त्यांवर वाहतूक पोलीस एकेरीचे प्रयोग करत असतात. बाहेरगावाहून येणार असाल तर सरळ पहिला महिना फेजमध्येच पीजी घ्या. पीजीत नोटीस किती दिवसांची आणि डिपॉझिटमधून काय कापणार, एवढं आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं. कंपनीची बस असेल तर तिच्या थांब्यांची यादी मागवा. थांब्यापासून चालत पाच मिनिटांवरचं सामान्य घर हे दोन रिक्षांपलीकडच्या देखण्या घरापेक्षा केव्हाही चांगलं. दर शुक्रवारी मुंबईला जाणाऱ्यांनी वाकड पुलाजवळ राहावं, गाड्या तिथूनच भरतात.

भाडेकरार ११ महिन्यांचा असो की जास्त, नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची, आणि करार नोंदवलेला नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. 'नोटरी करून टाकू' म्हणणाऱ्या मालकाला एवढं सांगितलं तरी पुरतं. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं १० टक्के दराने काढलेलं व्याज, यांच्या ०.२५ टक्के. ३०,००० भाडं, ११ महिने, एक लाख डिपॉझिट धरलं तर साधारण साडेआठशे रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण हद्दीत ५००, म्हणजे वाकडच्या घराला हजार, हिंजवडी गावातल्या घराला पाचशे. एजंट घरी येऊन अंगठे घेतो, त्याची फी वेगळी. 'सगळं मिळून' असा एकच आकडा सांगितला तर सरकारी पावत्या मागा. त्या ऑनलाइन निघतात.

ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं हा इथला रिवाज आहे. करार वाढवताना ब्रोकर पुन्हा अर्धा महिना मागतो, तो द्यायचा नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. करारात पाच गोष्टी शब्दांत हव्यात: मेंटेनन्स कुणाचा, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, पार्किंगचा नंबर, आणि सोडताना रंगकामाचे किती कापणार. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. 'एक महिन्याचं भाडं कापून' असं छापील कलम असेल तर खोडून आकडा लिहा, किंवा प्रत्यक्ष बिल दाखवण्याची अट घाला. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतात ते) हा मालक आणि सोसायटीतला मामला आहे, आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही. भाडेकरूकडून ते उकळायला बघतात, देऊ नका. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कायद्याने दुप्पट भाडं लागतं, म्हणून वाढवायचं असेल तर महिनाभर आधीच बोला. जुन्या करप्रणालीत घरभाड्याची सूट घेणार असाल आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर जात असेल तर मालकाचा पॅन लागतो. तो करारातच टाकून घ्या, मार्चमध्ये मागितला की फोन उचलत नाहीत.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची असते. वाकड, हिंजवडी, रावेत पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात, बाणेर-बालेवाडी पुणे शहर आयुक्तालयात. अर्ज ऑनलाइन होतो, हद्द चुकली की परत येतो. चावी घेताना वीजमीटर आणि पाइप गॅसच्या मीटरचं रीडिंग, गिझर चालू करून आणि सगळे नळ उघडून दाखवणारा एक सलग व्हिडिओ, आणि बाथरूमच्या छताचे फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवा. वरच्या फ्लॅटची गळती बहुतेक वेळा छताच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या डागातूनच कळते, आणि तो डाग आधीचा होता हे नंतर कुणी मान्य करत नाही. महावितरणच्या बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून मागची थकबाकीही तेव्हाच बघून घ्या. थकबाकी निघाली तर ती मालकाने भरल्याची पावती मिळेपर्यंत डिपॉझिटचा दुसरा हप्ता थांबवा.